टोपीखालची साखर

मी एक जुनी पत्र्याची टोपी आहे, मित्रांनो, पण डोक्यावर घालायची नव्हे. मला कुणी डोक्यावर ठेवलं तर मी त्याच्या शेंडीलाही पुरणार नाही. पालथं घातलेलं नरसाळं तुम्ही पाहिलं असेल. त्याची नळी तोडून भोक बुजवा आणि सगळ्या अंगाला काळा रंग फासा, की मी झाले. तसं छापील कागदावर मला एक इंग्रजी नाव होतं, पण ते नाव घेऊन मला कुणी कधी हाक मारली नाही. सगळे टोपीच म्हणायचे.

माझं काम सोपं होतं. रेशमाच्या मादी पतंगाचं नराशी मीलन झालं की तिला कागदावर ठेवायचं आणि वरून मला पालथं घालायचं. पतंग अंधारात अंडी घालतो, म्हणून मी काळी. आणि प्रत्येक मादीला वेगळं झाकायचं, कारण अंडी घालून झाली की तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ती रोगी निघाली तर तिच्या अंड्यांचा तेवढा कागद जाळायचा, बाकीच्या वाचल्या. तेव्हा एकेकीला एकटी ठेवणं, हाच माझा धर्म. एकटेपणा म्हणजे काय हे मला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

माझा जन्म बेंगळुरूच्या राजाजीनगरचा. तेव्हा तिथे कारखान्यांच्या शेड नुकत्या उभ्या राहत होत्या आणि रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती. पिराजी नावाचा पत्र्याचे डबे घडवणारा कारागीर तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून आमच्यासारख्या टोप्या बनवायचा. माझ्या पोटात अजून त्या डब्यावरच्या मोराचं शेपूट आहे, काळ्या रंगाखाली लपलेलं. मला डाख देताना पिराजीचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, माझा सांधा तिरका बसला आणि त्यात एक बारीक फट राहिली. उजेडात धरून त्याने मला पाहिलंही होतं. "चालतंय की," असं म्हणून त्याने मला ढिगात टाकलं.

चाललं नाही. यशवंतपूरच्या रेल्वे फाटकापलीकडे तुतीच्या मळ्याला लागून अंडीपुंजांचं, म्हणजे शेतकऱ्यांसाठी रेशीमकिड्यांची अंडी तयार करायचं, एक केंद्र होतं, सगळे त्याला ग्रेनेज म्हणत. तिथे पोचल्याच्या पहिल्या दिवशीच माझी फट सापडली. ज्या टोपीत उजेड शिरतो ती काय कामाची? माझ्या बहिणी रांगेने कामाला लागल्या आणि मी वसुमतीबाईंच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून जाऊन बसले. टेबल खिडकीशी होतं. समोरच्या खोलीत माझ्या बहिणी पतंगांच्या पंखांची फडफड पोटाशी धरून बसलेल्या असायच्या आणि माझ्या पोटाखाली काय, तर रजेचे अर्ज. मला फार वाईट वाटायचं. पण त्या टेबलावर बसल्यामुळेच ही गोष्ट मला ठाऊक आहे, म्हणून पिराजीवर मी आता रागावत नाही.

वसुमतीबाई केंद्रातल्या संशोधन साहाय्यक. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला येऊन राहिलेलं. घरात मराठी, पण त्यात निम्मे शब्द कानडी आणि वाक्यांची ठेवणही कानडी. वडील गेल्यावर थोरले भाऊ बिंदुमाधव घरचे कर्ते, त्यांना त्या अण्णा म्हणायच्या. बाईंच्या मनात एकच गोष्ट होती. आपल्या म्हैसुरी जातीचा किडा काटक, इथल्या उन्हापावसात टिकणारा, पण त्याचा धागा तोकडा. परदेशातून आलेल्या जातीचा धागा लांब आणि पांढराशुभ्र, पण इथला उन्हाळा त्या अळ्यांना सोसत नसे. इथली आई आणि तिकडचा बाप, अशी जोडी जमली तर पिल्लांत दोघांचे गुण उतरतील. गंमत अशी की हे गुण पहिल्याच पिढीत नीट उतरतात, पुढे विसकटतात. म्हणून जोडी दर हंगामाला नव्याने जमवावी लागते. बाईंकडे परदेशी जातीचा साठा अगदी थोडा उरला होता. तो संपायच्या आत जोडी जमली नाही तर प्रयोग बंद, असं वरून सांगितलेलं होतं.

नवं म्हैसूर राज्य झालं आणि बेळगावकडची माणसं नोकरीसाठी बेंगळुरूला येऊ लागली. त्यांतच निपाणीकडचा नागनाथ आला. शांत, उंच, हात मात्र कापसासारखे हलके. जुळलेले पतंग वेळ झाली की हाताने सोडवावे लागतात, जरासा पीळ देऊन. जोर झाला तर मादी जायबंदी होते. नागनाथच्या हातून एकही झाली नाही. त्याच्याच भागातल्या तानूबाई कोष कापून आतले नर-मादी वेगळे करायच्या. तेही नाजूक काम. माद्यांच्या परडीत घरचा एक नर राहिला तर पहाटे तो तिथेच मीलन उरकतो आणि सगळा बेत फसतो. तानूबाई नागनाथला भाच्यासारखं वागवायच्या आणि बाईंना अक्का म्हणायच्या.

आता मीलनाचं सांगते. रेशमाच्या पतंगाला उडता येत नाही. मादी एका जागी बसून गंध सोडते. तो गंध आला की नर पंख फडफडवत, गोल गोल फिरत तिच्यापर्यंत चालत जातो. तिने गंध सोडायला हवा आणि त्याने फडफडायला हवं. दोघांतलं एक जरी गप्प बसलं तरी काही घडत नाही. आणि पतंगाला तोंड असून खाता येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे दिवस थोडेच असतात.

पहिल्या हंगामात आपल्या माद्या आधी बाहेर आल्या. परदेशी नर अजून कोषातच होते. माद्या गंध सोडत बसून राहिल्या, कुणी आलं नाही. शेवटी त्यांनी तशीच अंडी घातली. ती पिवळी, वांझ अंडी थोड्या दिवसांत खळगा पडून चपटी झाली. बाईंनी तो कागद माझ्याखाली ठेवला, टाकला नाही. दुसऱ्या हंगामाला उलट झालं. परदेशी नर लवकर आले, परडीभर फिरून फिरून थकले आणि माद्या आल्या तेव्हा त्यांच्यात पंख उचलायचंही बळ नव्हतं. दोन्ही जातींचं एकमेकांशी वैर नव्हतं, मित्रांनो. पण यांची वेळ त्यांच्या वेळेला भेटत नव्हती.

"बाई, जो आधी आलाय त्याला थोपवायचं," नागनाथ म्हणाला. "बर्फात ठेवू या की कोष. दुसरा तयार झाला की मग काढायचं."

"फार थंड झालं तर पंख वाकडे येतात, नागनाथ. स्वल्प स्वल्प करून बघू," बाई म्हणाल्या.

झालं, दोघं कामाला लागले. नागनाथ सायकलवर गोणपाटात बर्फ बांधून आणायचा आणि लाकडी भुशाच्या पेटीत भरायचा. बाई तापमान बघायच्या. पेटीत किती थोपवलं तर चालतं आणि किती थोपवलं की पतंग बाहेर येऊनही निपचित पडतो, हे शोधता शोधता वर्ष निघून गेलं. दोघं दिवसभर माझ्या टेबलाशी. मीलन, गंध, सोडवणूक, कुणाला कुणाशी किती वेळ, सगळं निःसंकोच बोलायचे. शिक्षक वर्गात बोलतात तसं. मात्र पतंगांचं बोलणं संपलं की दोघांच्याही जिभेला कुलूप. तो खिडकीबाहेर तुतीकडे बघायचा आणि बाई उगाच मला उचलून पुसायच्या. त्या काळात मी इतकी चकचकीत होते की सांगता सोय नाही.

तिसऱ्या हंगामात बेत जमला. परदेशी नर पेटीतून काढले आणि त्याच सकाळी म्हैसुरी माद्या बाहेर आल्या. क्षणभर काहीच हललं नाही. मग एका नराने पंख थरथरवले, मग दुसऱ्याने, आणि परडीत फडफडीचा असा आवाज भरला की तानूबाई कोष टाकून बघायला आल्या. दुपारी सोडवणूक झाली. माद्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या आणि टोप्या कमी पडल्या. एक मादी उघडीच राहिली.

"हिला काय झाकू?" नागनाथने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हीच घ्या. फट खिडकीकडे नको, भिंतीकडे करा."

अशी मला माझी एकुलती एक मादी मिळाली. ती बुटकी होती, राखी रंगाची, आणि माझ्या फटीपासून लांब सरकून बसली. मी उजेड अडवायची फार धडपड केली, पण पत्र्याने करायची धडपड ती काय. तिने माझ्या बहिणींखालच्या माद्यांपेक्षा कमी अंडी घातली, पण घातली. सकाळी मला उचललं तेव्हा ती अंड्यांशेजारी शांत बसलेली होती. मग तिला तपासायला नेलं. ती निरोगी निघाली. मला तिची आठवण अजून येते.

आठवडा उलटून गेल्यावर त्या अंड्यांत एकेक निळा ठिपका दिसू लागला. निळा ठिपका म्हणजे आत अळीचं डोकं तयार झालं, उद्या अंडं फुटणार. बाईंनी कागद नागनाथसमोर धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नागनाथ नुसता हसत राहिला. त्या अळ्या वाढल्या, उन्हात टिकल्या आणि त्यांच्या कोषांचा धागा लांब निघाला. पुढे ते बीज गावोगावच्या शेतकऱ्यांकडे गेलं. केंद्रात बाईंचं कौतुक झालं, गळ्यात हार पडला. तो हारही त्यांनी माझ्या गळ्यात अडकवला होता, सुकेपर्यंत.

याच दिवसांत नागनाथने तानूबाईंकरवी विचारलं. मी तिथेच होते. दुपारी खोलीत कुणी नसताना तानूबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, आमच्या नागनाथच्या मनात तुम्ही हाईसा. तुमच्या घरात चालंल काय, तेवढं ईचारून बघा म्हणतोय."

बाईंचा चेहरा असा काही झाला की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. "मी घरात सांगते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी खरंच सांगितलं. चारसहा दिवसांनी तानूबाईंनी विचारलं तेव्हा बाई माझ्याशी चाळा करत म्हणाल्या, "अण्णा सगळं ऐकून घेतले की." आणि हसल्या. मला वाटलं, आता जमलं. पतंगांचं जमवणाऱ्यांना आपलं जमवायला कितीसा वेळ लागणार, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

पण त्यानंतर काहीच घडलं नाही. नागनाथ रोज येत होता, बर्फ भरत होता, पतंग सोडवत होता. बाई रोज त्याच्याकडे बघत होत्या. दोघं वाट बघत होती हे मला पत्र्याच्या टोपीला दिसत होतं, पण कशाची ते कळत नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. नागनाथ बोलायचा कमी झाला. बाई मला पुसायच्या कमी झाल्या. मग एका सकाळी नागनाथने बदली मागितल्याचं कळलं. जायच्या दिवशी तो टेबलाशी आला.

"येतो बाई. पेटीत भुसा बदललाय. उन्हाळ्यात दोनदा बदला म्हंजे बर्फ टिकतोय."

"सरी, बरं," बाई म्हणाल्या. "जपून जा."

तो दाराशी जरा थांबला. बाईंनी मान वर केली नाही. तो गेला, आणि पुढल्या वर्षी त्याचं लग्न झाल्याचं तानूबाईंनी सांगितलं. त्या दिवशी बाईंनी परदेशी नर पेटीतून काढायला उशीर केला. असा उशीर त्यांच्याकडून एकदाच झाला.

मग बरीच वर्षं गेली. बाईंचं लग्न झालं नाही. त्या मोठ्या पदावर गेल्या. त्यांना भेटायला लोक यायचे आणि कामाचं बोलून जायचे. तानूबाई म्हाताऱ्या होऊन निपाणीला परतल्या. मग एके दिवशी केंद्रात प्लॅस्टिकच्या टोप्या आल्या. हलक्या, काळ्याभोर, सांधाच नसलेल्या. आम्हाला पोत्यांत भरून भंगारात काढलं. माझ्या सगळ्या बहिणी गेल्या. त्यांनी किती आयांना झाकलं, किती अंड्यांवर अंधार धरला, पण जाताना त्यांना कुणी फडक्यानेही पुसलं नाही. बाईंनी मला तेवढं पिशवीत टाकलं आणि घरी नेलं. बिंदुमाधवांनी राजाजीनगरात नवं घर बांधलं होतं. म्हणजे मी फिरून माझ्या जन्मगावीच आले. तिथे मी खिडकीत बसते. खाली काही नसतं.

गेल्या साली, म्हणजे अडुसष्ट साली, तानूबाई डोळे दाखवायला बेंगळुरूला आल्या तेव्हा बाईंना भेटायला आल्या. बाईंनी त्यांना कॉफी दिली. तानूबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढली.

"साखर हाय, अक्का. नागनाथच्या धाकट्या भावाचं ठरलं. पोरीकडनं साखर आली हुती, त्यातली थोडी तुमच्यासाठी बांधून आणली."

"मुलीकडून साखर येते तुमच्यात?" बाईंनी सहज विचारलं.

"व्हय की. पोराकडच्यांनी एकदा ईचारायचं. पोरीच्या घरात होकार असंल तर वाटीभर साखर जाती. साखर आली न्हाई, तर न्हाई समजायचं. मग पोराकडचे परत तोंड उघडत न्हाईत. पोरीला तरास नको म्हणून." तानूबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "तुमच्याकडनं आली न्हाई, अक्का. त्यानं दिवाळीपतोर वाट बघितली."

बाईंनी पुडी हातात घेतली. बाहेर सायकलची घंटी वाजली.

"मला कोण सांगितलं असतं साखरेचं, तानूबाई?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात मुलीकडचे तोंड उघडत नाहीत. एकदा कुणाकडून विचारलं म्हणजे ती नुसती चाहूल. मग मुलाकडचे थोरले कुंकू-नारळ घेऊन येतात, तेव्हा होकार सांगायचा. अण्णा ऐकून घेतले होते. येऊ देत म्हणाले होते. विमला नवीन चटईसुद्धा काढून ठेवली होती." विमला म्हणजे बाईंची धाकटी बहीण.

तानूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, साखरेचं कुणाला सांगायला लागतंय? सगळ्यांत असतंयच की."

"मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या. "कुंकवाचं."

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, मला रडता येत नाही, पण माझ्या फटीतून त्या दिवशी जो वारा आत आला तो मला सोसला नाही. दोन्ही घरांत होकार होता. एकाच भाषेत बोलणारी दोन माणसं एका टेबलाशी बसून पतंगांची वेळ जुळवत होती. एक म्हणत होता आता तिने गंध सोडावा, दुसरी म्हणत होती आता त्याने पंख हलवावेत. दोघांच्याही घरची रीत चांगलीच होती, समोरच्याला त्रास होऊ नये म्हणूनच केलेली. आणि थोपवलेल्या कोषाला बर्फाच्या पेटीतून वेळेवर काढायला तिथे कुणी नव्हतं.

तानूबाई गेल्यावर बाईंनी ती पुडी सोडून साखर एका छोट्या वाटीत ओतली. वाटी देवापुढे ठेवली नाही, कॉफीतही घातली नाही. खिडकीत आणून ठेवली. तिथे मुंग्या येतात. म्हणून त्यांनी मला उचललं, कितीतरी वर्षांनी पदराने नीट पुसलं, फट भिंतीकडे केली आणि साखरेवर पालथं घातलं.

आता तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. घरात कुठे एखादी जुनी, डाख तिरका बसलेली वस्तू असेल तर तिला अधूनमधून पुसा. तिच्याशी कुणाची तरी आठवण बांधलेली असते. आणि कुणी तुमच्या होकाराची वाट बघत असेल, तर तुमच्या घरची रीत त्याला ठाऊक असेलच असं धरून बसू नका. उठून जा आणि तोंडाने सांगा. लाज वाटेल, वाटू द्या.

मी आहे इथेच, खिडकीत. माझ्याखाली साखर आहे. बाई रोज सकाळी मला उचलून बघतात, मुंगी लागली नाही ना, आणि पुन्हा झाकून ठेवतात.